बटाट्यावरचा आळ

राजेरजवाड्यांच्या पंगतींची वर्णने आपल्याला बखरींतून वाचावयास मिळतात. लग्नकार्यांतील पक्वान्नांच्या याद्या जुन्या दप्तरांतून सापडतात. परंतु घरातील एका आजारी मुलासाठी आईने वेगळ्या भांड्यात काय शिजविले, ते का शिजविले, आणि इतरांच्या ताटातील कोणता पदार्थ त्याला नाकारला, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. वस्तुतः पथ्याच्या ताटालाही इतिहास असतो. त्यात शास्त्रज्ञांचे तर्क असतात, त्यांच्या चुका असतात, आणि त्या चुकांपायी वर्षानुवर्षे एखाद्या निरपराध पदार्थाला भोगावी लागलेली शिक्षाही असते. आज अशाच एका शिक्षेची हकीकत सांगावयाची आहे.

गाजराचे किंवा लाल भोपळ्याचे बोटाएवढे लांबट काप करावयाचे, त्यांना तेलाचा हलका हात लावावयाचा, आणि तळण्याऐवजी ते ओव्हनमध्ये भाजावयाचे, असा एक पदार्थ आता पुष्कळ घरांतून होऊ लागला आहे. फ्रेंच फ्राईज म्हणून बटाट्याचा जो पदार्थ जगभर प्रसिद्ध आहे, त्याचेच हे पथ्यकर रूप होय. कोणी तो तेल टाळण्यासाठी करतात, कोणी हौसेखातर करतात. परंतु काही घरांत त्यामागे निराळे कारण असते. त्या घरातील मुलाला बटाटा वर्ज्य असतो. शेजारची मुले बटाट्याच्या काड्या खात असताना आपल्या मुलाने नुसते पाहत बसू नये, म्हणून त्याची आई भोपळा चिरावयास बसते. आता कोणी विचारील की, बटाट्याने असा अपराध तरी कोणता केला? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर आपल्याला एका विलक्षण आजाराच्या इतिहासात शिरावे लागते.

या आजाराला आज सीलिअ‍ॅक रोग म्हणतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कॅपॅडोशियाच्या अरेटियस नामक ग्रीक वैद्याने त्याच्यासारख्या एका विकाराचे वर्णन करून ठेविले आहे. पोटात गेलेले अन्न पचत नाही, अंगी लागत नाही, आणि रोगी दिवसेंदिवस खंगत जातो, असे त्याने लिहिले. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने योजलेले नावच पुढे कायम झाले. परंतु या आजाराचे आधुनिक वर्णन केले ते सॅम्युअल जी या इंग्रज डॉक्टरने. १८८७ साली लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात त्याने या विषयावर व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते छापून प्रसिद्ध झाले. मूल एक ते पाच वर्षांचे असते, हातापायांच्या काड्या होतात, पोट मात्र फुगते, आणि वाढ खुंटते, हे सारे त्याने बारकाईने टिपले. एवढेच सांगून तो थांबला नाही. हे मूल बरे व्हावयाचेच असेल तर ते आहारानेच होईल, असा स्पष्ट अभिप्राय त्याने दिला.

अभिप्राय अगदी खरा होता. परंतु कोणता आहार? जी याने पिष्टमय पदार्थांकडे संशयाने पाहिले. तांदूळ, साबुदाणा आणि मक्याचे पीठ ही त्याने अयोग्य ठरविली. आणि त्यांच्याऐवजी चालण्यासारखे म्हणून त्याने काय सुचवावे? पातळ कापून दोन्ही बाजूंनी चांगला भाजलेला पाव! आज आपल्याला ठाऊक आहे की, तांदूळ आणि मका या मुलांना निर्धास्त चालतात आणि गव्हाचा पाव हेच त्यांचे विष होय. म्हणजे निरपराध बाहेर घालविले गेले आणि खरा अपराधी पाहुणा म्हणून पाटावर बसला. त्याच व्याख्यानात जी याने एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. त्या मुलाला रोज एक क्वार्ट, म्हणजे लिटरभराहून थोडे अधिक, हॉलंडचे उत्तम शिंपले खावयास दिले तेव्हा ते चांगले बाळसे धरू लागले. परंतु शिंपल्यांचा हंगाम सरला आणि ते पुन्हा आजारी पडले. पुढच्या हंगामात शिंपले आले, तर मुलाने त्यांना तोंडच लाविले नाही! पथ्य कितीही गुणकारी असले, तरी ते मुलाच्या घशाखाली उतरले पाहिजे, हा धडा या गोष्टीत आहे. त्या धड्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागणार आहे.

यानंतरची पन्नास-साठ वर्षे ही चाचपडण्याची होत. १९२१ साली जॉन हाउलंड या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने असे प्रतिपादन केले की, सर्व अन्नघटकांत पिष्टमय पदार्थच या मुलांना सर्वांत कमी मानवतात. मग १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या डॉक्टराने आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्याने दहा मुलांची हकीकत दिली होती. त्यांपैकी आठांना केळ्यांच्या आहारावर ठेविले होते, ती बरी झाली. ज्या दोघांना तो आहार मिळाला नाही, ती दगावली. हासच्या आहारात दूध विशिष्ट रीतीने तयार केलेले असे, ताजे चीज असे, फळांचा रस, भाज्या आणि मांस असे, आणि दिवसाला चार ते आठ पिकलेली केळी असत. वर्ज्य पदार्थांत पाव, बिस्किटे, सर्व धान्ये आणि बटाटे यांचा समावेश होता.

बटाट्यावर आळ आला तो असा. त्याच्याविरुद्ध पुरावा कोणताच नव्हता. तो पिष्टमय होता आणि पावाच्या पंक्तीला बसत होता, एवढाच त्याचा दोष. मुले बरी होत होती, हे मात्र खोटे नव्हते. हासच्या आहारातून गहू आपोआप निघून गेला होता, म्हणून ती बरी होत होती. यश सगळे केळ्याच्या पदरात पडले आणि शिक्षा बटाट्याला झाली. इतिहासात उपाय बरोबर आणि कारण चुकीचे असे प्रसंग पुष्कळदा येतात, आणि ते फसवे असतात. उपाय लागू पडत असला म्हणजे कारण तपासून पाहण्याची निकड कोणाला वाटत नाही. शिवाय या चुकीची एक किंमतही होती. मूल बरे झाले, आता त्याला सर्व काही खाऊ द्यावयास हरकत नाही, असे हास मानीत असे. हा आजार जन्मभराचा आहे, गहू पुन्हा सुरू झाला की आतड्याचे नुकसानही पुन्हा सुरू होते, हे तेव्हा कळले नव्हते.

येथे एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या द्रव्यामुळे हा सारा अनर्थ होत होता, ते जगाला नवे नव्हते. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली मळत राहिले की पांढरे पिष्ट वाहून जाते आणि हातात चिवट, रबरासारखा गोळा उरतो. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या विद्वानाने १७२८ साली हे दाखवून दिले होते आणि १७४५ साली ते छापूनही आले. हेच ते ग्लुटेन नावाचे प्रथिन. पुढे थॉमस ऑझबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली गव्हाच्या दाण्यातील प्रथिनांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. म्हणजे अपराध्याचे नाव, गाव आणि ठेवण रसायनशाळेत नोंदविलेली होती. परंतु ती वही रुग्णालयात कोणी उघडली नव्हती. ज्ञान असते, पण ते एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्यास कधी कधी दोनशे वर्षे लागतात.

ते दार उघडले हॉलंडमध्ये. विलेम कारेल डिके हा १९३६ पासून हेग येथील युलियाना बालरुग्णालयाचा प्रमुख होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले, देश जर्मनांच्या ताब्यात गेला, आणि केळी व इतर फळे बाजारातून नाहीशी झाली. केळ्यांचा आहार सांगावयाचा तर केळी आणावयाची कोठून? तेव्हा १९४१ साली डिकेने एका डच वैद्यकीय नियतकालिकात, टंचाईच्या दिवसांतही पाळता येईल असा साधा आहार सुचविला. पाव आणि रस्क अजिबात देऊ नयेत. दिवसातून दोनदा गरम जेवण द्यावे, ते मुलांना सोसते. तिसऱ्या वेळी गव्हाचे पीठ न घातलेली खीर द्यावी, असे त्याचे सांगणे होते. डच घरातील गरम जेवण म्हणजे प्रायः बटाटा आणि भाजी. म्हणजे बटाट्याच्या सुटकेची पहिली पायरी या साध्या सूचनेतच होती.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. हॉलंडच्या इतिहासात तो भुकेचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. पश्चिम भागातील शहरांना होणारा अन्नपुरवठा तुटला. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसे उपासमारीने मेली. सर्व देश पावासाठी तळमळत असताना सीलिअ‍ॅकची मुले मात्र, पाव मिळेनासा झाल्यामुळे, उलट बरी राहिली, अशी हकीकत सांगितली जाते. दुष्काळातून शोध लागला, ही कथा मनाला चटका लावणारी आहे आणि म्हणूनच ती सर्वत्र सांगितली जाते. परंतु १९४१ चा लेख पाहिला म्हणजे कळते की, डिकेचा संशय त्या हिवाळ्यापूर्वीचा होता. दुष्काळाने त्याला बळकटी आणली, एवढेच म्हणणे रास्त होय.

संशय आणि पुरावा यांमधले अंतर डिकेने कसे ओलांडले, हा या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. त्याने थोडीच मुले घेतली, परंतु ती दीर्घकाळ डोळ्यांखाली ठेविली. आहारातून गहू काढावयाचा आणि वजन पाहावयाचे. पुन्हा गहू द्यावयाचा आणि पुन्हा पाहावयाचे. व्हान डे कामर या जीवरसायनतज्ज्ञाने मळातील स्निग्धांश मोजण्याची सुलभ पद्धत काढली होती. तिच्यामुळे आतडे किती अन्न शोषून घेत आहे, हे आकड्यांत सांगता येऊ लागले. १९५० साली डिकेने उत्रेख्त विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला. व्हान डे कामर आणि वाइयर्स या सहकाऱ्यांसह त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तर निकाल स्पष्टच आहे. गहू आणि राय यांची पिठे अपायकारक. तांदूळ, मका आणि प्रथिन काढून टाकलेले गव्हाचे शुद्ध पिष्टसुद्धा निरुपद्रवी. आणि त्याच निर्दोषांच्या यादीत सोललेला बटाटा. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९५२ मध्येच या शोधाला दुजोरा दिला होता. पिष्टाचा या आजाराशी काही संबंध नव्हता. सारा दोष ग्लुटेनचा होता.

पुढे आतड्याच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासण्याची युक्ती १९५६-५७ च्या सुमारास निघाली आणि ग्लुटेन नेमके काय करते ते डोळ्यांनी दिसू लागले. लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषण्याचे काम ते करतात. या रोग्यांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लुटेनमुळे बिथरते आणि तो मारा या अंकुरांवर होऊन अस्तर सपाट पडते. गहू, राय आणि जव बंद केले म्हणजे अंकुर हळूहळू पुन्हा उगवतात.

मग बटाटा पूर्णपणे सुटला का? नाही. हासने आपले मत सोडले नाही. १९५१ साली मुलासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने आपल्या आहाराची सविस्तर मांडणी केली होती. पुढे एलेन गॉटशॅल ही बाई आतड्याच्या दाहाने आजारी असलेल्या आपल्या लहान मुलीला घेऊन त्याच्याकडे आली. हासचे वय त्या वेळी ऐंशीच्या पुढे गेले होते. मुलगी सुधारली. बाईने प्रौढपणी जीवरसायनाचा अभ्यास केला आणि १९८७ साली या आहारावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकामुळे हा आहार आतड्याच्या इतर दाहजन्य विकारांसाठी जगभर पाळला जाऊ लागला, आणि त्यात बटाटा, रताळे व सर्व धान्ये वर्ज्यच राहिली. गाजर आणि भोपळा मात्र चालतात. भोपळ्याच्या काड्या ओव्हनमध्ये भाजणाऱ्या कित्येक आया या आहाराच्या वाटेने तेथवर आल्या आहेत. काही रोग्यांना त्याने बरे वाटते, हे खरे. परंतु क्रोन या आतड्याच्या विकाराच्या प्रौढ रोग्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भूमध्य प्रदेशातील सर्वसामान्य आहाराहून तो सरस ठरला नाही, हेही लक्षात ठेविले पाहिजे.

हे सारे आपल्या देशापासून दूर आहे असे कोणी समजू नये. उत्तर भारतातील मुलांमध्ये आढळलेल्या या आजाराचा वृत्तांत १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत, शंभर माणसांमागे साधारण एकास हा आजार असल्याचे दिसले. भातखाऊ दक्षिणेत हे प्रमाण पुष्कळच कमी आहे. दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर येथील मराठी घरांत आज रोजची पोळी गव्हाचीच असते. तथापि ज्वारी, बाजरी आणि नाचणी या आपल्या भाकरीच्या तिन्ही धान्यांत ग्लुटेन नसते, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. धान्य दळताना गव्हाशी मिसळ होऊ दिली नाही, तर आजीची भाकरी हे या आजारावरचे तयार पथ्यच आहे.

आता पुन्हा त्या काड्यांकडे येऊ. सीलिअ‍ॅकच्या मुलाला बटाटा चालतो, मग बाहेरच्या तळलेल्या काड्या का चालू नयेत? कारण ज्या कढईत पावाचा चुरा लावलेले पदार्थ तळले, त्याच तेलात या काड्या उतरतात. आपल्या घरातही शत्रू वेष पालटून वावरतो. सुरणाच्या आणि बटाट्याच्या कापांना आपण तांदळाची पिठी लावतो, तशीच रव्यातही घोळतो. पिठी निरुपद्रवी, रवा गव्हाचा. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे तर अनेकांच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून घरी, स्वच्छ पत्र्यावर, ओव्हनमध्ये भाजणे हा मार्ग सुरक्षित.

त्याचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. काप सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे आणि सगळे सारख्या आकाराचे करावेत. बटाट्याचे असतील तर अर्धा तास पाण्यात ठेवून वरचे पिष्ट धुऊन टाकावे. नंतर फडक्याने कोरडे करावेत. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान उकळत्या पाण्याच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग येण्यास त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. प्रथिने आणि शर्करा यांच्या संयोगातून हा रंग कसा येतो, ते लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली सांगितले. तेल चमचा-दोन चमचे पुरते. काप एकमेकांना न चिकटतील असे पसरावेत. दाटी केली तर ते भाजण्याऐवजी वाफेत शिजतात. ओव्हन २०० ते २२० अंशांवर आधी तापवून घ्यावा, आणि मध्ये एकदा उलटून पंचवीस ते पस्तीस मिनिटे भाजावेत. गाजर-भोपळ्यात पिष्ट कमी आणि पाणी अधिक, म्हणून त्यांना बटाट्याचा कुरकुरीतपणा येत नाही, त्या कडेला खरपूस आणि आत मऊ राहतात. त्यांना मीठ शेवटी लावावे, कारण मिठाने पाणी सुटते. ओव्हनची उष्णता अशी हुकमी ठेवता येणे हेही फार जुने नाही. इंग्लंडमध्ये गॅसच्या ओव्हनला उष्णता-नियंत्रक बसला तो १९२३ साली, म्हणजे हासच्या निबंधाच्या आदल्याच वर्षी. शास्त्रज्ञ ज्या काळात मुलांच्या ताटातून पदार्थ काढून घेत होते, त्याच काळात कारागीर त्यांच्या आयांच्या हाती ते ताट पुन्हा भरण्याचे साधन देत होते!

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. ज्ञान अपुरे असते तेव्हा पथ्याची यादी लांब असते. ज्ञान जसजसे नेमके होते, तसतशी ती आखूड होते. हासच्या मुलांना सारी धान्ये आणि बटाटा बंद होते. डिकेच्या मुलांना मोजकी दोन-तीन धान्ये. आखूड झालेली यादी पाळावयास मात्र अधिक कडक असते, कारण तिच्यात चिमूटभर हिंगाचीही गय नाही. म्हणून ऐकीव माहितीवर मुलाचा एकेक घास बंद करीत जाऊ नये. गव्हाचाच संशय असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नये. कारण तो आधीच बंद केला तर रक्ताच्या तपासणीत आजार लपून राहण्याचा संभव असतो. निदान झाले म्हणजे मग जे वर्ज्य ते निश्चयाने वर्ज्य करावे. आणि जे चालते, ते त्या मुलाला इतके रुचकर करून द्यावे की, शिंपल्यांना कंटाळलेल्या त्या लंडनच्या मुलाप्रमाणे त्याने ताट दूर लोटू नये. भोपळा ज्याला हवा त्याने अवश्य भाजावा. परंतु ज्या मुलाला बटाटा चालतो, त्याला तो खुशाल द्यावा. त्याच्यावरचा आळ १९५३ सालीच दूर झाला आहे.